गोठलेल्या तळ्यावरचा मांडव

टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीखाली बांबूची मोळी, काथ्याचं वेटोळं आणि निळी ताडपत्री राखत उभं राहायची वेळ माझ्यावर येईल, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शनिवारची सकाळ होती. खालच्या मजल्यावरच्या बाई कचऱ्याची पिशवी ठेवायला आल्या. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि जाता जाता बांबूंकडे पुन्हा एकदा बघितलं. मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

आम्ही निघालो होतो गुन्माच्या डोंगरात, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला. ही सगळी सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, करणी. त्याच्या ऑफिसातले साहेब मोरिता-सान यांच्या वडिलांना या मासेमारीचं भारी वेड. आता ऐंशी उलटली, गुडघे वाकत नाहीत. दुकानात मिळणारे तंबू बुटके, त्यांत रांगत शिरावं लागतं. मागच्या हिवाळ्यात आजोबा उघड्यावरच बसले आणि छातीत कफ होऊन महिनाभर अंथरुणाला खिळले. त्यामुळे यंदा घरच्यांनी बंदी घातली होती. हे ऐकल्यावर सुहासनं गप्प बसावं की नाही? "मी खोपट बांधतो! आजोबा उभ्याने आत जातील, खुर्चीवर बसतील, वारा लागणार नाही," असं हा बोलून बसला. मोरिता-साननी ते घरी सांगितलं आणि आजोबा त्याच दिवसापासून गळ साफ करायला लागले. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

खोपट आमच्या बाल्कनीत उभं राहिलं. बागकामाच्या दुकानातून बांबू आणले, गाडीवर मावतील असे कापले, आणि खिळा न मारता काथ्यानं बांधले. गाठी अशा की एक टोक ओढलं की सगळं सुटावं. सुहास शीळ घालत बांधत होता आणि मी समोरच्या इमारतीतल्या खिडक्यांवर डोळा ठेवून होते. एवढ्यावर भागलं असतं, पण सांगलीहून सासऱ्यांनी कुणाबरोबर तरी कापड पाठवलं. लाल, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचं छत आणि त्याला सोनेरी गोंड्यांची झालर!

"हे लावणार आहेस? तळ्यावर?" मी म्हटलं. "लग्न आहे का कुणाचं?"

"आतून कापड लागतं गं. ताडपत्रीला घाम येतो."

"काहीतरीच! ऑफिसातली माणसं काय म्हणतील?"

तो हसला आणि कापडाची घडी सामानावर ठेवून दिली. निघायच्या दिवशी तो बांबू खाली न्यायला गेला, तेव्हा मी ती घडी उचलली आणि ओशिइरेत (भिंतीतल्या कपाटात) गाद्यांच्या मागे कोंबली. तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं मला.

मोरिता-सानच्या गाडीतून आम्ही निघालो. आजोबा पुढच्या सीटवर, लोकरी टोपी घालून, मांडीवर गळांची पेटी धरून बसले होते. वाटेत थांबून गरम कॉफीचे डबे घेतले. सपाट शेतं संपली, डोंगर जवळ आले, आणि शेवटच्या वळणानंतर तळं दिसलं. पांढरंशुभ्र, काठापासून काठापर्यंत. त्यावर रंगीत, ठेंगणे, नीटनेटके तंबू. आजोबांनी काच खाली केली आणि एवढा वेळ गप्प बसलेला माणूस एकदम बोलायला लागला, कुठला कोपरा चांगला, कुठे बर्फ जाड.

बर्फावर पहिलं पाऊल टाकताना माझी पाचावर धारण बसली. खालून मधूनच कण्हल्यासारखा आवाज यायचा. "तळं बोलतंय," आजोबा म्हणाले. "बोलतंय तोवर भ्यायचं नाही."

सुहासनं बांबू उभे केले, पण बर्फात रोवायचे कसे? आजोबांनी काठीनं खुणा केल्या. तिथे उथळ खळगे पाडले, त्यांत बांबूचे पाय ठेवून पाणी ओतलं आणि थोड्या वेळात बांबू घट्ट धरले गेले. "अरे वा! हे सांगलीत जमायचं नाही," सुहास खुशीत म्हणाला. ताडपत्री चढली. शेजारच्या तंबूंतून माणसं डोकावून बघायला लागली. कुणीतरी हळूच फोटो काढला. मला अगदी कानकोंडं झालं. हसं व्हायचं तेवढं झालं, निदान ती झालर तरी नाही, असं मनाशी म्हणत मी आत शिरले.

आजोबा खरंच उभ्याने आत आले, खुर्चीवर बसले. मोरिता-साननी पायाशी बर्फाला भोक पाडलं, वर हवेला फट ठेवून शेगडी पेटवली, किटली चढवली. आजोबांनी गळ सोडला. आणि मग टप्. त्यांच्या टोपीवर थेंब पडला. मग मानेवर. मग खांद्यावर. आमचे श्वास आणि किटलीची वाफ वरच्या ताडपत्रीवर जमून बर्फगार पाणी ठिबकत होतं. सुहास सामान उपसायला लागला.

"अनघा, कापड कुठंय?"

मी उगीच किटलीचं झाकण नीट बसवायला लागले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबा खोकले. मोरिता-सान हळू आवाजात म्हणाले, "बाबा, गाडीत जाऊ या." आजोबा हलेनात. "अजून एकही लागला नाही," एवढंच म्हणाले, पोरासारखं. आणि आम्हांलाच म्हणाले, "माफ करा हं, माझ्यामुळे तुम्हांला त्रास."

तेव्हा मी उठले. प्रवासात पायांवर घ्यायला आणलेली सोलापुरी चादर गाडीत होती. लाल-हिरव्या मोरांची, झालरीपेक्षा भडक. घसरत, धडपडत ती घेऊन आले. सुहासनं तिची चार टोकं बांबूंना ताणून बांधली. थेंब थांबले. मी माझा कोरडा मफलर आजोबांच्या गळ्याभोवती गुंडाळला. आणि गळाचं टोक थरथरलं! वाकासागी (बोटभर लांबीचे चंदेरी मासे) एकामागून एक वर यायला लागले. आजोबांचे हात असे झरझर चालत होते, की गुडघे त्यांचेच का, असा प्रश्न पडावा. मोरिता-साननी तिथेच पिठात बुडवून मासे तळले. पहिला मासा आजोबांनी माझ्यापुढे धरला. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

"सुहास-सान, हे बांधायला शिकलात कुठे?" आजोबांनी विचारलं.

सुहासनं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वडिलांकडून. ते बांधकाम खात्यात इंजिनिअर आहेत."

हे वाक्य माझं होतं. इथल्या मराठी मंडळींत पहिल्याच ओळखीत मी ते बोलले होते आणि तेव्हापासून सुहासनं मला कधी उघडं पाडलं नव्हतं. पण इथे, कुणी मराठी माणूस ऐकायला नसताना, या बर्फावरसुद्धा तो ते माझ्यासाठी म्हणत होता. माझे कान तापले.

"नाही," मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं. "इंजिनिअर नाहीत. लग्नात, उत्सवात मांडव घालतात. स्वतः बांबूवर चढतात."

"अजून चढतात?" आजोबांनी विचारलं.

"अजून."

आजोबांनी वर चादरीकडे, मग गाठींकडे बघितलं. "त्यांना एकदा इथे आणा," म्हणाले. सुहास शेगडीशी वाकून काहीतरी करत राहिला.

उन्हं उतरायच्या आत गाठी सुटल्या, बांबूंचे गोठलेले पाय गरम पाणी ओतून मोकळे केले आणि आम्ही परतीला लागलो. आजोबा माझ्या मफलरासकट झोपी गेले होते. मागच्या सीटवर मी सुहासला म्हटलं, "कापड मीच काढून ठेवलं होतं."

"कळलं मला ते."

"रागावला असशील."

त्यानं नाही अशी मान हलवली. काचेवरची वाफ पुसत म्हणाला, "तू आज जे बोललीस, ते बाबांना फोनवर सांगू का?"

"त्यांना काय सांगायचंय त्यात?" मी म्हटलं, आणि बोलता बोलताच त्याच्याकडे वळले. "सुहास, त्यांना माहीत आहे? मी इथे काय सांगते ते?"

"आपण दोनदा बोलावलं, तरी ते इकडे आले का? थंडी सोसत नाही म्हणाले," सुहास म्हणाला. "तुला ते खरं वाटलं?"

प्रवासाहून परतलं की काय काय पाहिलं ते सांगायची घाई असते. त्या संध्याकाळी हिगाशी-कसाईत शिरताना मला कुणालाच तोंड दाखवायची इच्छा नव्हती. बांबू लिफ्टमध्ये मावत नव्हते. तेव्हा एक टोक सुहासनं धरलं, एक मी खांद्यावर घेतलं आणि आम्ही जिन्यानं चढायला लागलो. खालच्या बाई दारात आल्या, हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी थांबले आणि मांडव म्हणजे काय, तो कोण घालतं, हे त्यांना पहिल्यापासून सांगितलं.