व्याह्यांच्या हस्ते लेनिनचं प्रतिमापूजन

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं का. मागच्या वेळी हे ऐकताना जोशीकाकांना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. तर आमच्या मृणालचं ठरत आलेलं लग्न मोडायला निघालं होतं. आणि मोडणारा कोण? मुलीचा सख्खा बाप! मी!

मुलगा रशियन. दिमा. गुणी पोरगा. त्याचे आईवडील न्यूयॉर्कहून आमच्याकडे, अमेरिकेतल्याच ईडन प्रेरी गावी, पहिल्यांदाच येणार होते. मृणालने बजावून ठेवलं होतं, "बाबा, प्लीज, साधं ठेवा. ते हो म्हणाले नाहीत तर दिमा फार अपसेट होईल, आणि मीही."

साधं? अहो, इथल्या मराठी मंडळाचा मी कित्येक वर्षं सेक्रेटरी. प्रतिमापूजनाशिवाय माझ्या हातून पिकनिकसुद्धा सुरू झालेली नाही! म्हटलं, व्याह्यांना घर आपलं वाटलं पाहिजे. त्यांच्या देशाचा सगळ्यात मोठा पुढारी कोण? लेनिन! सोलापूरला कॉलेजात असताना लेनिनवर बोलून मी वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मारलं होतं. भाषण अजून तोंडपाठ.

"अहो, मृणालला एकदा विचारा तरी," शुभदा म्हणाली. शुभदा म्हणजे आमची सौ.

"सरप्राइज आहे गं!"

हे लोक रशिया सोडून का आले, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. आपण आलो नोकरीसाठी, तेही तसेच आले असतील, असं धरून चाललो.

पाहुणे आले. मृणाल आणि दिमा मागून बॅगा घेऊन आले. सगळे बसताच मी टेबलावरची शाल ओढली. लेनिन! मोठी फ्रेम, समई, उदबत्ती, सगळं यथासांग.

व्याही-विहीणबाई फोटोकडे बघतच राहिले. मला वाटलं, गहिवरले बिचारे.

मी सुरू झालो. थोरला भाऊ फासावर गेला, स्वतः सायबेरियात हद्दपारी भोगली, परदेशातून रेल्वेने परतून क्रांती केली! विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मला आणखी चेव आला. मृणाल हाताने खुणा करत होती. मला वाटलं, "मोठ्याने बोला" म्हणतेय. मी आवाज चढवला.

"आणि सत्ता येताच जमिनी, कारखाने, गिरण्या, सगळं सरकारजमा!"

टाळ्या फक्त मी वाजवल्या.

"आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रतिमापूजन," म्हणत मी व्याह्यांच्या हातात हार दिला. आता बोला!

"बाबा, स्टॉप!" मृणाल रडकुंडीला आली होती. "त्यांच्या पणजोबांची पिठाची गिरणी याच माणसाच्या राज्यात काढून घेतली. पणजोबांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत!"

खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी हात जोडून सॉरी म्हणालो.

व्याही हार धरून तसेच उभे. मग शुभदाला त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी असा हार कुणाच्या फोटोला घालतात?"

"गेलेल्या माणसांच्या," शुभदा चाचरत म्हणाली.

"म्हणजे हा नक्की गेला?"

"गेला हो! कधीच गेला!"

"मॉस्कोत त्याला अजून काचेच्या पेटीत निजवून ठेवलंय," ते म्हणाले. "तुम्ही तरी त्याचं एकदाचं उरकून टाकलंत, बरं केलंत." आणि त्यांनी हार घातला! विहीणबाई रडतारडता हसायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"लग्नाला आमची ना नाही," व्याही चहा घेताना म्हणाले. "अट एकच. मुलीच्या वडिलांनी भाषण करायचं नाही."

लग्न झोकात झालं. रशियन लोकांत जेवताना जो तो ग्लास उंचावून दोन शब्द बोलतो. दिमाची आत्या बोलली, शुभदा बोलली, फोटोग्राफरसुद्धा बोलला! मी नुसता घसा खाकरला, तर व्याह्यांनी धावत येऊन माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

अल्बममध्ये तो फोटो बघून सगळे म्हणतात, "काय हो प्रेम तुम्हा व्याह्यांचं!"