चामड्याला हात

मला सगुणचा हेवा वाटायचा. आता म्हातारपणी हे कबूल करायला माझं काय जातं? मी पेडण्याचा, मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. तो सर्वणच्या शेतकऱ्याचा मुलगा, अक्षर कोंबडीचे पाय. पण मुरगाव बंदरावरच्या आमच्या एजंटाच्या कचेरीत परदेशी जाणाऱ्या चामड्याचे गठ्ठे आले की शेठ हाक मारायचे ती सगुणलाच.

काम होतं चामड्याचा वर्ग ठरवून कस्टमच्या फॉर्मवर टाइप करण्याचं. पूर्ण तयार चामडं कराविना जायचं, नुसतं कमावून अर्धवट ठेवलेल्यावर जबर निर्यात कर होता. सगुण गठ्ठा सोडायचा, चामडं नाकाशी न्यायचा, बोटाने त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब वर राहिला तर तयार, मुरला तर अर्धवट. बारीक छिद्रं ओळीत दिसली की शेळी म्हणायचा, विखुरलेली दिसली की मेंढी. मी चामड्याला कधी शिवलो नाही. आमच्या घरी त्याचा विटाळ मानायचे. सगुणच्या घरीही मानायचे, पण तो संध्याकाळी आंघोळ करून मोकळा व्हायचा. मी पेन्सिलीने कोपरा उचलायचो. कचेरीभर माझ्या या पेन्सिलीची थट्टा व्हायची आणि त्यात सगुणचं हसू मला सर्वांत जास्त बोचायचं.

एकोणनव्वद साली हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. ती सगुणला मिळणार हे पक्कं होतं, आणि माझा नुसता जळफळाट चालला होता. त्याच आठवड्यात तांबूस, चकचकीत चामड्याचे वीस गठ्ठे आले. तेवढ्यात आई आजारी असल्याचा निरोप आला म्हणून सगुण दुपारीच घाईने घरी गेला. त्याच्यावाचून अडत नाही हे दाखवायची हीच वेळ, असं मला वाटलं. पाठवणाऱ्याच्या कागदावर ‘तयार’ लिहिलेलं होतं. चकाकी बघून मीही तेच टाइप केलं. थेंब काही सोडला नाही.

तो धक्क्यावर कस्टमच्या साहेबांनी सोडला, आणि मुरला. माल अडकला, बोट निघून गेली.

शेठ तापले ते सगुणवर. तो म्हणाला, आपण गठ्ठे उघडलेच नव्हते. कोणाला ते पटेना.

“दत्ताराम चामड्याला शिवत नाही हे सगळ्या बंदराला ठाऊक आहे,” शेठ म्हणाले. “मग बघितलं कोणी?”

सगुणने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या शाईच्या बाटलीकडे बघत राहिलो.

हेडक्लार्क मी झालो. सगुण नोकरी सोडून सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांवर देखरेख करायला गेला. सुटलो एकदाचा, असं मी मनात म्हटलं. पण कसलं काय! धक्क्यावरची माणसं अडली की नमुना घेऊन सुर्ल्यालाच जायची. खुर्ची माझ्याकडे होती तरी मी पहिल्यापेक्षा जास्त जळत होतो.

शेवटी एकदा मलाही त्याच्या घरी जावं लागलं. चामड्याचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून नेला आणि कागदासकट त्याच्यापुढे ठेवला. जुनं काहीही न काढता त्याने वास घेतला, थेंब सोडला, मेंढीचं आहे, तयार आहे म्हणाला. एवढ्यात त्याची बायको कमल हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाहुणा, म्हणून आधी माझ्याकडे वळली.

“तेंका पाणी नको,” सगुण तिला म्हणाला. “तेंनी चामड्याक हात लावूक नाय.”