यान मास्तर आणि सरकारी सेलो

यान मास्तर दाराकडे पाठ करून कधी बसत नसत. दुबईच्या खाडीवर आमच्या बोटींच्या कारखान्यात ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी पुढे केलेलं स्टूल त्यांनी आधी फिरवलं, मगच टेकले. सोबत सेलो होता, गुडघ्यांत धरून वाजवायचं व्हायोलिनचं थोरलं भावंड. अडुसष्ट सालच्या ऑगस्टच्या उकाड्यात त्याचा सांधा उकलला होता. मी रत्नागिरीपासून होड्या जोडत आलेला माणूस. वाद्याला हात लावायची ती पहिलीच वेळ.

स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा शहरात त्यांनी अकरा जणांचा वाद्यवृंद उभा केला होता. आठ वर्षं देशोदेशी वाजवून झालं होतं. मुंबईचे कार्यक्रम आटोपून परतताना इथल्या इंग्रजांच्या क्लबात एक मैफल होती. "मिस्त्री, आमच्यात काठी घेऊन पुढे उभा राहणारा कोणी नाही," ते अभिमानाने सांगत. "सगळे एकमेकांकडे बघून वाजवतात." दोघांचंही इंग्रजी दिव्य, म्हणून आमचं छान जमलं.

मी सांधा बसवला आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओवर बातमी आली, रशियन रणगाडे त्यांच्या देशात शिरले. हॉटेलात त्यांच्यावर नजर ठेवायला त्यांच्याच देशातून आलेला सरकारी माणूस होता, म्हणून सगळे एकेक करून आमच्या कारखान्यात जमले. सात जणांना परत जायचं नव्हतं. इंग्रजांच्या कचेरीतून लंडनचे कागद मिळायला दोन दिवस लागणार होते, आणि घरचं विमान तर उद्याच होतं. सेलो मात्र सरकारी, त्या माणसाने सही करून ताब्यात घेतलेला. तो मागे टाकून त्या माणसाला निघता येत नव्हतं, आणि तो थांबला की सगळेच थांबणार. मास्तर हळूच म्हणाले, "मिस्त्री, नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. सांधा पुन्हा सोडशील?"

मालकाला कळलं तर परमिट खलास, मी परत रत्नागिरीला. तरी सुरी गरम करून मीच बसवलेला सांधा उकलला आणि वर ताजा सरस फासला.

सरकारी माणूस आला. मालक माझ्यावर ओरडला, "यल्ला, और कितना दिन?"

"सर, सरस अजून ओला आहे. परसों फिनिश, इन्शाल्ला."

त्या माणसाने सांध्यावर बोट ठेवलं. बोट चिकटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी सेलोकडे. माझी पाचावर धारण बसली होती. मास्तर मात्र निवांत सिगारेट पेटवत होते. ती तिसऱ्या काडीला पेटली, तेव्हा कळलं की तेही घाबरलेत.

दोन दिवसांनी सात जण गुपचूप लंडनच्या विमानात बसले. मी सेलो जोडून दिला. मास्तर उरलेल्या तिघांबरोबर घरी निघाले, तेव्हा मी चिडलोच.

"मास्तर, तुम्ही पण जायचं होतं ना! तिकडे कशाला?"

"त्या सातांचे आईबाप तिथे आहेत. त्यांना छळतील. मुलांना मी पाठवलं, असं सांगायला कोणीतरी हवं."

विमानतळावर सेलोची पेटी माझ्या हातून घेताना ते पुटपुटले, "तुला कोणी विचारलं तर सांग, सांधा या म्हाताऱ्याने सोडला."

मला कोणी कधीच विचारलं नाही. त्यांना विचारलं असणार.