धूरपट्टी आणि पांढरे सदरे

प्रत्येक लॉन्ड्रीत एक कप्पा असतो. लोकांनी धुवायला टाकलेले आणि परत न्यायला विसरलेले कपडे तिथे साठत जातात. कोणाची बदली झालेली असते, कोणाचं पोट सुटलेलं असतं, कोणाचं लग्नच मोडलेलं असतं. किस्स्यांचंही तसंच होतं. त्या त्या वेळी आपण हसतो आणि विसरतो. मग म्हातारपणी कधीतरी कप्पा उघडावा, तर धाडधाड अंगावर कोसळतात.

माझ्या कप्प्यातले बहुतेक किस्से डोंबिवलीतल्या चांदणी लॉन्ड्रीतले. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी अजून त्या फुटपाथवरून जाताना पाय हळू टाकतो, आणि मुलगा विचारतो, "बाबा, गुडघा दुखतोय का?" मी हो म्हणतो. त्याला कुठे सगळं सांगत बसू!

लॉन्ड्रीचे मालक वसंतराव. पांढरा कपडा हे त्यांचं दैवत आणि गर्व, दोन्ही. खळ किती घट्ट हवी, नीळ किती घालावी, यावर ते कीर्तनकारासारखे बोलत. खळ प्रत्यक्षात करायच्या सुलूवहिनी, पण श्रेय वसंतरावांचं. दुकान आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, बाहेर एक बाक होता. सकाळी दुकानातला पेपर आणि वहिनींचा चहा, दोन्ही फुकट मिळायचे, म्हणून आम्ही चार-पाच जण तिथे ठाण मांडून बसायचो.

मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, हिशेब खात्यात होतो. कपड्यांना लावायची रंगाची पूड आमच्याकडे बनायची, आणि त्यातली थोडी चिमणीतून गावावर जायची. त्यामुळे बाकावर मला मान असा नव्हताच. वसंतराव माझे शर्ट देताना म्हणत, "घ्या. तुमचाच माल तुम्हाला परत."

* * *

ही पूड मोठी लबाड. कोरड्या कपड्यावर बसली तर डोळ्यांना दिसत नसे. पण घामाचा थेंब लागला की फुलायची. पांढरा शर्ट घालून बसमध्ये चढलेला माणूस स्टेशनला उतरेपर्यंत पाठीवर गुलाबी ठिपके घेऊन उतरायचा. आमच्या भागात याचं कोणाला आश्चर्य वाटत नसे. ठाण्याचे पाहुणे तेवढे दचकायचे.

एकदा शेजारच्या बिल्डिंगमधल्या राजूचा लग्नाचा पांढरा सफारी वसंतरावांनी इस्त्री करून हँगरला लावला आणि दुकानात जागा नाही म्हणून गच्चीवर टांगून ठेवला. नेताना तो दुधासारखा दिसत होता. वरातीत राजूला मित्रांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, मे महिन्याचा उकाडा, आणि मांडवात पोचेपर्यंत नवरदेव गळ्यापासून कमरेपर्यंत पिवळा.

राजूची सासू विठ्ठलवाडीची. तिने जावयाकडे बघितलं आणि आपल्या बहिणीला म्हणाली, "यांच्याकडे हळद फार मनापासून लावतात हो."

* * *

धूरपट्टी हा शब्द आमच्या बाकावर पहिल्यांदा आणला तो भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब वकील, विरोधी पक्षाचे पुढारी, शब्द तोलून बोलणारे. त्यांची योजना साधी होती. जो कारखाना जितका धूर सोडेल, त्याने तितकी पट्टी पालिकेला भरावी. ज्याने चिमणीला फिल्टर बसवला, त्याला माफी.

"आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो," भाऊसाहेब म्हणाले. "हवा फुकट घाण करायची सवलत यांनाच का असावी?"

वसंतरावांनी हातातली कोळशाची इस्त्री खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात नाना आले. नाना जवळच्या गावातले, जुने जमीनवाले. त्यांच्या भातशेतीवरच अर्धी एमआयडीसी उभी. ते सत्ताधारी पक्षाचे नगरसेवक. त्यांचेही कपडे इथेच यायचे, आणि तेही पांढरेच.

"पट्टी लावा, न कारखाने जातील गुजरातला," नाना म्हणाले. "आमची शेती तं अगोदरच गेली. आता पोरांची नोकरी पन घालवताव काय? न वसंता, तू टाल्या नको वाजवू. आज चिमनीवर पट्टी लावतील, उद्या तुझे इस्त्रीवर."

इस्त्रीतल्या कोळशांचा धूर तेव्हा छान वर चढत होता. वसंतरावांनी ती पायाने हळूच काउंटरखाली सरकवली.

"इस्त्रीचा धूर वेगळा असतो," ते म्हणाले. "तो कष्टाचा असतो."

मला दोघांचंही पटत होतं, हीच माझी अडचण. माझा पगार चिमणीतून यायचा आणि माझ्या मुलीचा खोकलाही.

* * *

मग निवडणूक झाली आणि पारडं फिरलं. भाऊसाहेब सत्तेत आले, नाना विरोधात गेले. आम्हाला वाटलं, आता धूरपट्टी लागलीच.

भाऊसाहेब बाकावर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "विषय गुंतागुंतीचा आहे. उद्योग टिकले पाहिजेत. अभ्यास करावा लागेल."

पुढच्याच आठवड्यात नाना आले. खोकत आले. बसल्यावरही थोडं खोकले. "काय र हा धूर," ते म्हणाले. "मानसानं जगावं कसा? पट्टी लावाच."

दोघांनीही भाषणंसुद्धा नवी केली नव्हती, एकमेकांची उचलली होती. ते गेल्यावर वसंतराव म्हणाले, "कपडे तेच आहेत. नुसते हँगर बदललेत."

* * *

नानांनी मोर्चा काढला. धुराच्या निषेधार्थ सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधून यायचं, असं ठरलं. गावातून तीनशे-चारशे माणूस आलं. बायका होत्या, म्हातारे होते. खाडीवरच्या कोळणीसुद्धा आल्या होत्या, कारण पाण्यालाही रंग चढायला लागला होता. मोर्चा आमच्या कारखान्याच्या फाटकावर येऊन थडकला.

आमचे मालक गॅलरीत आले. त्यांनी गर्दीकडे बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं. अर्ध्या लोकांच्या नाकावर आमच्याच कंपनीचं नाव होतं. दिवाळीला आम्ही कामगारांना छापील रुमाल वाटलेले, तेच घरातल्यांनी बांधले होते!

मालक मला म्हणाले, "कापड चांगलं होतं हं. रंगही टिकलाय."

* * *

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण हळूहळू लॉन्ड्रीचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. दोष चिमणीचा, शिव्या वसंतरावांना. "धुवून दिलेत की रंगवून?" असं लोक तोंडावर विचारायचे.

खरा घाव बसला तो शाळेच्या कामाचा. शाळेच्या लेझीम पथकाचे पांढरे गणवेश चांदणीकडे यायचे. पंधरा ऑगस्टला मुलं मैदानात उतरली तेव्हा बगळ्यांची माळ दिसत होती. ऊन होतं, मुलं जीव तोडून नाचली. झेंड्याला सलामी देईपर्यंत सगळं पथक ठिपक्याठिपक्यांचं झालेलं. पाहुण्यांनी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं की हा गणवेश नवीन आहे का. बाईंनी दुसऱ्या दिवशी काम काढून घेतलं.

त्या दिवशी सुलूवहिनींनी चहा दिला नाही. आत बसून रडत होत्या. बाकावर बसायचीच लाज वाटली मला, माझ्या शर्टाच्या खिशावरही कंपनीचं नाव होतं.

झेरॉक्सवाला दुकान मागतच होता. वसंतराव मला म्हणाले, "धूरपट्टी लागली, फिल्टर बसले, तर राहीन. नाहीतर शटर ओढतो आणि बदलापूरला मेहुण्याकडे जातो. तिथे निदान आकाश पांढरं आहे."

गमतीत म्हणाले, पण हसले नाहीत.

* * *

त्याच सुमारास चौकात भाऊसाहेबांची सभा झाली. वसंतराव मला ओढून घेऊन गेले. आज तरी पट्टीबद्दल काही बोलतील, ही आशा.

भाऊसाहेब बोललेच. "धूर, धूर असा कांगावा चाललाय," ते म्हणाले आणि दोन्ही हात पसरले. "माझ्या सदऱ्याकडे बघा! याच गावात धुतला, याच गावात वाळला. आहे एक तरी डाग?"

लोकांनी बघितलं. बर्फासारखा सदरा होता. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी वसंतरावांची छाती फुगली. "खळ बघा," ते माझ्या कानात म्हणाले, "कॉलर बघा कशी उभी आहे."

मी विचारलं, "वसंतराव, सगळ्या गावाच्या कपड्यांवर ठिपके, मग यांच्याच नाहीत कसे?"

"कसे असतील? पुढाऱ्यांचे कपडे मी गच्चीवर टाकतच नाही. आतल्या खोलीत, दार-खिडक्या बंद, पंख्याखाली वाळवतो. दोघांचेही. मोठी माणसं, डाग पडला तर आपलं नाव..."

आणि ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. इतकी वर्षं आतल्या खोलीत जपलेला तो सदरा आता व्यासपीठावरून त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होता.

भाऊसाहेबांना मात्र ती टाळी आवडली. पुढच्या प्रत्येक सभेत "सदऱ्याकडे बघा" आलंच. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "वकिलाचा सदरा साफ असंल, पन माझा पन साफच हाय. त्यान काय सिद्ध झाला?" वसंतरावांनी मान खाली घालून त्यांच्या धोतराची घडी केली.

* * *

शेवटी दोन्ही पक्षांची वरून युती झाली. काल एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसाहेब आणि नाना एका मोटारीतून फिरायला लागले. युतीचा पहिला जाहीर निर्णय ठरला, धूरपट्टीची योजनाच रद्द. मैदानात दोघांची एकत्र सभा, त्यातच घोषणा करायची. तारीख मे महिन्यातली.

सभेच्या आदल्या दुपारी मी बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो होतो. बायकोने पापड वाळत घातलेले, ते काढायला. आमच्या चिमणीतून धूर सरळ इकडेच येत होता. आणि दोरीवर, कडक इस्त्री केलेले, हँगरला लावलेले दोन पांढरे सदरे डुलत होते. एक बारीक अंगाचा, एक ढगळ. शेजारी वसंतराव स्टुलावर बसून पान जुळवत होते.

"वसंतराव," मी म्हणालो, "हे पुढाऱ्यांचे ना? आत घ्या की."

"राहू देत," ते म्हणाले. "कधी बाहेर पडत नाहीत बिचारे. जरा हवा खाऊ देत."

मी पापड गोळा केले आणि खाली आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं होतं. वारा पडलेला, अंगाची नुसती काहिली होत होती. व्यासपीठावर मोठे दिवे लावलेले. दोघे आले तेव्हा त्यांचे सदरे इतके पांढरे होते की पुढच्या रांगेतल्यांनी डोळे बारीक केले. वसंतराव आणि सुलूवहिनी माझ्या शेजारी बसले होते. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा सभेला आल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

आधी नाना बोलले. दिव्यांखाली मान पुसत पुसत बोलले. ते खाली बसले तेव्हा त्यांची कॉलर पिवळी झाली होती. त्यांना दिसायचं कारण नव्हतं.

मग भाऊसाहेब उठले. उद्योग, रोजगार, विकास. कपाळावरून घाम निथळत होता. उजव्या खांद्यावर एक गुलाबी ठिपका उमलला. मग छातीवर दोन निळे. मग पोटावर हिरवा. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मागची माणसं उभी राहून बघायला लागली. भाऊसाहेबांना वाटलं, भाषण रंगतंय. त्यांचा आवाज चढला.

"आणि या गावात धूर आहे असं ज्यांना अजूनही वाटतं," त्यांनी दोन्ही हात पसरले, "त्यांनी माझ्या सदऱ्याकडे बघावं!"

सगळ्या मैदानाने बघितलं.

वसंतरावांनीही बघितलं, अगदी बारकाईने. मग ते सुलूवहिनींकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खळ मात्र छान बसलीय हं."