भिंतीवरचा गरुड

साकोलीला हायवेलगत माझं ऑफिस आहे. टेबलामागच्या भिंतीवर आम्हा सीए लोकांच्या संस्थेचं बोधचिन्ह फ्रेम करून टांगलंय. पंख पसरलेला गरुड आणि सोबत एक संस्कृत ओळ. येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "हे गिधाड कायले लावलं जी?" मी आधी चिडतो, मग समजावतो. गरुड आहे तो. उंचावरून त्याला बारीकसारीकही दिसतं. आणि ओळीचा अर्थ असा की सगळे झोपलेले असताना जो जागा असतो, तो. हे सांगताना माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू!

एकदा एका राईस मिलच्या गोदामात धानाचा साठा तपासायला गेलो होतो. उन्हाळ्याची भर दुपार. पोत्यांची थप्पी लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती ते मोजायचं आणि गुणाकार करायचा, अशी आमच्याकडची रीत. खरं तर वर चढून मधली पोती हलवून बघायला हवीत. तिथला म्हातारा हमाल हळूच म्हणालाही, "साहेब, एकडाव वरतं चढून पाहा न जी."

"कायले तरास घेता साहेब," मालक म्हणाला, "चहा थंडा होऊन राहिला."

माझा शर्ट नवा होता. धुळीने अंगाला खाज सुटली होती. मी खालूनच मोजलं, साठा बरोबर असल्याचा दाखला लिहिला आणि सही ठोकली.

थप्पी आतून पोकळ होती. मधली पोती मालकाने केव्हाच विकली होती, उरल्या होत्या त्या नुसत्या भिंती आणि वरचा एक थर. आठ दिवसांनी पोती उतरवायला तोच हमाल वर चढला आणि सगळं आत कोसळलं. त्याला बाहेर काढेपर्यंत जीव गेला होता.

मालकाने माझा दाखला पुढे केला. म्हणे, थप्पी भरलेली होती, सीएने तपासली आहे. म्हातारा दारू पिऊन तोल जाऊन पडला. झालं, भरपाई अडली.

हमालाची बायको माझ्याकडे आली. "थे पेत नव्हते जी. लोकं त्याईले बेवडा म्हणून राहिले. तुमी वरतं चढून पाह्यलं नाई, एवढंच लिहून द्या."

तेवढं लिहिलं असतं तर माझी सीएगिरी संपली असती. "सोमवारी या," मी म्हणालो.

सोमवारी ती आली. साहेब नागपूरला गेलेत असं सांगायला मी कारकुनाला बजावून ठेवलं होतं आणि स्वतः आतल्या खोलीत कडी लावून बसलो होतो. "येतपर्यंत बसतो मी," ती म्हणाली. दिवसभर बसली. मला लाज वाटत होती, पण लाजेहून भीती जास्त होती. संध्याकाळी बस गाठायला ती उठली, आतल्या दाराशी आली आणि शांतपणे म्हणाली,

"साहेब, मी जाऊन राहिलो. आता तुमी बाहेर निघा."