साबुदाण्याच्या बरणीतली माती

आमच्या नाशिक रोडच्या घरापुढे दोन पलंग मावतील एवढी हिरवळ आहे. ती बायकोची. मी फक्त तिच्यावर खुर्ची टाकून चहा प्यायचा. बायको मुलीच्या बाळंतपणाला बंगलोरला गेली, तेव्हा निघताना दोनच गोष्टी बजावून गेली: दूध उतू घालवू नका आणि हिरवळ सांभाळा.

दुधाचं सोडा. हिरवळ दोन महिन्यांत पिवळी पडली.

रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. आधी नातीचं दर्शन, मग प्रश्न, "हिरवळ कशी आहे?" मी कसा आहे, हे तिसऱ्या नंबरला, तेही वेळ उरला तर.

"झकास," मी मोगऱ्याची कुंडी दाखवत म्हणायचो.

"अहो, जरा खाली दाखवा की."

"अगं, नेट जातंय."

तिचं परत येणं आधी दिवाळीला ठरलं होतं. मग नात पालथी पडेपर्यंत पुढे गेलं, मग मुलीची रजा संपली. माझ्यासाठी ती लवकर येईल याची खात्री नव्हती. हिरवळीसाठी येईल, असं मात्र मी मनाशी धरून बसलो होतो. आमिष म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं, आणि तेही वाळत चाललं होतं.

म्हणून माती तपासून घ्यायचं ठरवलं. माती परीक्षण केंद्रावरून मिळालेल्या कागदाबरहुकूम सगळं केलं. नऊ ठिकाणी वीतभर खड्डे घेतले, माती सावलीत वाळवली, ढीग करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेल्याचे पुन्हा चार. अर्धा किलो उरली. 'स्वच्छ कापडी पिशवीत आणावी' हे शेवटचं वाक्य तेवढं मला फाजील वाटलं. स्वयंपाकघरात 'साबुदाणा' अशी चिठ्ठी लावलेली बरणी होती, तळाशी पांढरा भुगा. साबुदाण्याचं पीठ मातीला काय करणार? भरली.

आठवड्याने अहवाल घ्यायला गेलो. तिथल्या बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, प्लॉट कुठं आहे?"

"नाशिक रोडला."

"मला वाटलं अलिबागला. एवढे क्षार! यात गवत सोडा, निवडुंगही उगवायचा नाही. माती कशात आणली होती?"

इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये पस्तीस वर्षं मी छापलेल्या कागदातले दोष शोधले. केसाएवढी रेघ हललेली दिसायची मला. घरी येऊन, परत आणलेल्या बरणीच्या तळाशी बोट फिरवून चाटलं. मीठ.

संध्याकाळी विचारावंच लागलं, "अगं, साबुदाण्याच्या बरणीत मीठ का आहे?"

"तीन वर्षांपासून तिथंच आहे. तुम्हाला आज कशाला हवं?"

मग सगळंच बाहेर आलं. ती इतकी हसली की नात दचकून रडायला लागली. हसून झाल्यावर म्हणाली, "आता खाली दाखवा." दाखवलं. "पिशवी शिवलेली आहे, कपाटात डावीकडे," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी बाईंनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. "मातीत काहीच कमी नाही, काका. पाणी किती घालता?"

"रोज."

"थंडीत? किती वेळ?"

काय सांगणार! फोन ठेवला की सहा वाजलेले असायचे. आमच्या चहाची वेळ. दोन खुर्च्या तशाच मांडलेल्या. एकट्याने तिथे बसवत नसे, म्हणून मी पाइप हातात घेऊन उभा राहायचो, अंधार पडेपर्यंत. मुळं कुजवली ती मी.

पाइप गुंडाळून ठेवला. पाणी आठवड्यातून दोनदा. सहा वाजता हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून दोन कप चहा करून दोन्ही मीच प्यायला लागलो. महिन्याभरात कडेने पोपटी कोंब दिसले. त्या दिवशी मी न विचारताच फोन खाली धरला.

"अय्या! आलं की हो!" ती केवढी खूश झाली. मला वाटलं, आता तिकिटाचं काढते.

"जमलं की तुम्हाला माझ्याशिवाय. मग मी उन्हाळाभर थांबते इथेच. हिला पाळणाघर मिळत नाहीये."

"थांब की," मी म्हणालो. "इकडची काळजी करू नकोस."

फोन ठेवला. सहा वाजले होते. कोपऱ्यात पाइप गुंडाळलेला होता, आणि मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो.