मार्गशीर्षातलं डाएट

आतड्याच्या कॅन्सरवर मला जी केमो चालू होती तिने केस गेले नाहीत. घरच्यांना तेवढंच हवं होतं. लेकीचं लग्न जमवायचं होतं, आणि आईला कॅन्सर म्हटल्यावर मुलीकडे कोण बघणार? "झाकली मूठ सव्वा लाखाची," थोरल्या नणंदेने निकाल दिला, नवऱ्याने मान डोलावली. स्थळ अजून एकही आलं नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! मी सकाळी केमोला ठाण्याला जायचे, संध्याकाळी कल्याणला परत. शेजारी सांगायचं, बहिणीकडे गेलेले.

ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, दर दोन तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे, अंडी खा, उपास बंद. वजन आणखी उतरलं तर पुढची केमो लांबेल. तेवढ्यात मार्गशीर्ष लागला. लग्न झाल्यापासून माझा एकही गुरुवार चुकला नव्हता.

"या वर्षी सोडलेस तर बिल्डिंगमधल्या बायका विचारतील," नणंद म्हणाली. "संध्याकाळपर्यंतचाच तर उपास!"

संताप आला, पण केला. एरवीसुद्धा सगळं कडूजहर लागायचं, दोन घास जबरदस्तीने ढकलायचे. गुरुवारी तेही नाहीत, आणि शुक्रवारी उलट्या. पुढच्या खेपेला ठाण्यात काट्यावर उभी राहिले आणि डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. घरी येताना नवरा म्हणाला, "आता एकच गुरुवार राहिलाय, निभावून ने." त्या क्षणी मला तो माणूस नकोसा झाला.

शेवटच्या गुरुवारी उद्यापनाच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. मी सकाळपासून नुसत्या चहावर पुरणाशी झटत होते.

"वहिनी, कसल्या बारीक झालायत!" समोरची म्हणाली. "डाएट कुठलं? आम्हालाही सांगा ना!"

सगळ्या हसल्या. नणंदही हसली. ते मात्र मला सहन झालं नाही.

"केमो," मी म्हटलं. "ठाण्याला देतात. पण आता तीही पुढे ढकललीय. उपास करून करून वजन उतरलं ना माझं."

नणंदेने माझा दंड धरला. मी तो सोडवला, नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी उचलली आणि सगळ्यांदेखत खायला लागले. पोळी गोड लागत नव्हती, तरी गिळत होते.

"अगं, देवीला दाखवायचाय तो!" नवरा दारातून ओरडला.

"बघू दे तिलाही," मी म्हटलं आणि दुसरी पोळी घेतली.